राहायला जायचं होतं ते घर

प्रमोदिनी देवस्थळींनी आयुष्यात एकच घर विकत घेतलं, वीस वर्षं सांभाळलं, आणि एक दिवसही तिथं न राहता विकून टाकलं. त्या विक्रीवर टॅक्स लागतो का, हे विचारायला त्या माझ्याकडे आल्या, म्हणून मला ही हकीकत ठाऊक. एरवी इंग्लंडातल्या लीड्सच्या मराठी मंडळींत त्यांची ओळख म्हणजे गणपतीच्या जेवणाला आमटी कमी पडतेय असं दिसलं की जिला फोन करायचा ती बाई.

मी अकाउंटंट. ओकवुडला एका केमिस्टच्या दुकानावर माझं दोन खोल्यांचं ऑफिस आहे. टॅक्सीवाले, दोन डेंटिस्ट, एक साड्यांचं दुकान, असे माझे क्लायंट. प्रमोदिनीमावशींना घरभाडं मिळायचं, त्याचा रिटर्न मी २००० सालापासून भरत होते. वर्षातून एकदा त्या बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात सगळे कागद घालून आणायच्या, महिन्यांप्रमाणे लावलेले, टाचणी मारलेले. माझे निम्मे क्लायंट कागद प्लास्टिकच्या पिशवीत कोंबून आणतात. त्यामुळे मावशी आल्या की मला बरं वाटायचं.

त्या मूळच्या मिरजेच्या. नर्सिंग करायला म्हणून १९६८ साली, तेवीस वर्षांच्या असताना, एकट्या लीड्सला आल्या. त्या काळी आपल्याकडून आलेल्या मुलींना बहुतेक वेळा दुय्यम दर्जाच्या नर्सिंगच्या कोर्सलाच बसवत. दोन वर्षांचा कोर्स, कमी पगार, आणि तिथून वर चढायला वाट नाही. मावशींना हे इथं येऊन वर्षभरानं कळलं. "तोवर कोट घेऊन झाला होता," असं त्या म्हणायच्या. म्हणजे आता परत कुठं जायचं.

कमलाकर देवस्थळी देवगडचे. एका इंजिनिअरिंगच्या कारखान्यात ड्राफ्ट्समन होते. यंत्रांच्या भागांचे नकाशे काढायचे. बहात्तरात दोघांचं लग्न झालं, पुढच्या वर्षी अनुराधा झाली. एक्याऐंशी साली कारखाना बंद पडला आणि कमलाकर त्रेचाळिसाव्या वर्षी घरी बसले. त्यानंतर त्यांना अधूनमधून ड्रॉइंगची फुटकळ कामं मिळाली, पण कायमची नोकरी मिळाली नाही.

भाड्याचं घर परवडेना, तेव्हा मावशींनी हॉस्पिटल सोडलं आणि कौन्सिलच्या, म्हणजे इथल्या नगरपालिकेच्या, म्हाताऱ्यांच्या वसाहतीत वॉर्डनची नोकरी धरली. ॲशग्रोव्ह कोर्ट. चौतीस छोटे फ्लॅट, एकेकटी किंवा नवरा-बायको अशी म्हातारी माणसं, आणि तळमजल्यावर वॉर्डनचा फ्लॅट. प्रत्येक फ्लॅटमध्ये छतापासून एक लाल दोरी लोंबलेली असायची. कुणी पडलं, कुणाच्या छातीत दुखलं, तर त्यानं दोरी ओढायची, की मावशींच्या पॅसेजमध्ये घंटा वाजणार. त्या किल्ल्यांचा जुडगा घेऊन धावणार. कराराच्या चौथ्या कलमात लिहिलेलं होतं, की वॉर्डननं त्याच फ्लॅटमध्ये राहिलं पाहिजे, दुसरीकडे राहून हे काम करता येणार नाही.

त्या तिथं पंचवीस वर्षं राहिल्या. देवस्थळी हे नाव कुणालाच म्हणता यायचं नाही, म्हणून सगळे त्यांना 'मिसेस डी' म्हणायचे. अनुराधा तिथंच वाढली, चौतीस घरांतल्या आजी-आजोबांमध्ये. तिचं मराठी बिघडलं आणि यॉर्कशरचं इंग्रजी इतकं पक्कं झालं की पुढं बर्मिंगहॅमला बँकेत लागल्यावर तिथले लोक तिची चेष्टा करायचे.

१९८६ साली कमलाकर एक दिवस व्हिटबीला गेले आणि घर बघून आले. व्हिटबी हे यॉर्कशरच्या किनाऱ्यावरचं मासेमारीचं गाव. रांगेतलं विटांचं घर, वर दोन खोल्या, खाली दोन, आणि मागच्या खिडकीतून समुद्राची बोटभर रेघ. किंमत साडेएकोणीस हजार पौंड. कारखान्यानं नोकरी संपवताना दिलेले थोडे पैसे त्यांनी पाच वर्षं हात न लावता ठेवले होते, ते भरले. बाकी कर्ज. पण त्यांना नोकरी नव्हती, त्यामुळे कर्ज मावशींच्या पगारावर निघालं आणि घरही एकट्या मावशींच्या नावावर झालं.

"तुझी नोकरी संपली की हा फ्लॅट कौन्सिल काढून घेणार," कमलाकर म्हणाले होते. "तेव्हा डोक्यावर आपलं छप्पर असू दे. आणि समुद्र दिसेल."

त्यात गैर काही नव्हतं. घर लगेच भाड्यानं दिलं, शाळेच्या बसचे एक निवृत्त ड्रायव्हर आणि त्यांची बायको, हार्कर म्हणून, त्यांना. भाड्यातून हप्ते फिटत गेले. दरवर्षी उन्हाळ्यात दोघं, आणि लहान होती तोवर अनुराधाही, एक दिवस व्हिटबीला जायची, घराची गळती-बिळती बघायची, हार्करबाईंच्या हातचा चहा प्यायची आणि संध्याकाळपर्यंत परत यायची, कारण बदली वॉर्डन एकाच दिवसापुरती मिळायची.

कमलाकर २००३ च्या नोव्हेंबरात गेले. नाश्ता करून पेपर वाचत बसले होते, तिथंच. बावीस वर्षं लोकांच्या लाल दोऱ्यांवर धावलेली बाई त्या वेळी वरच्या मजल्यावर कुणाच्या तरी गोळ्या मोजून देत होती. याविषयी त्या माझ्याशी एकदाच बोलल्या, आणि तेही फक्त एवढंच, की "ह्यांनी दोरी ओढली नाही."

दोन वर्षांनी मावशींना साठ पूर्ण झाल्यावर दोघांनी व्हिटबीला राहायला जायचं ठरलेलं होतं. मावशी गेल्या नाहीत, नोकरी करत राहिल्या. मग २००६ च्या सुरुवातीला कौन्सिलनं निवासी वॉर्डन ही पद्धतच बंद केली. यापुढे गाडीतून फिरणारी टीम येणार आणि घंटा कुठल्या तरी कॉल सेंटरला वाजणार. मावशींना फ्लॅट रिकामा करायला जुलैपर्यंत मुदत मिळाली. त्याच वसंतात हार्कर वारले आणि त्यांची बायको बहिणीकडे गेली. घर रिकामं झालं. मावशींनी ते ऑगस्टमध्ये विकलं, एक लाख सेहेचाळीस हजारांना, आणि बर्मिंगहॅमला अनुराधाकडे गेल्या. तिच्या घराजवळच एक फ्लॅट बघून ठेवला होता. तो घ्यायला जवळजवळ सगळे पैसे लागणार होते.

ऑक्टोबरात त्या माझ्याकडे आल्या, त्या वेळी डब्यातले कागद नेहमीसारखे लावलेले होते, पण चेहरा उतरलेला होता.

"अरुणा, मला दोन माणसांनी दोन गोष्टी सांगितल्यात," त्या म्हणाल्या. "मंडळातला जयंत म्हणतो, स्वतःचं घर विकलं तर इथं टॅक्स नसतो, बिनधास्त राहा. अनुराधाच्या बँकेतला माणूस म्हणतो, तुम्ही तिथं कधी राहिलाच नाहीत, तेव्हा ते तुमचं घर नव्हे, धंदा झाला. खरं कोण?"

"दोघंही थोडे थोडे खरे आहेत," मी म्हटलं. "आपण जिथं राहतो ते घर विकून फायदा झाला तर त्यावर टॅक्स नाही. पण तुम्ही तिथं राहिला नाहीत. त्या हिशोबानं टॅक्स लागेल."

"किती?"

मी आकडे मांडले. महागाईची सूट, इतकी वर्षं घर ठेवल्याची सूट, वर्षाची माफी, सगळं वजा करून. "एकवीस हजारांच्या आसपास."

त्यांनी पर्सची चेन उघडली आणि परत लावली.

"थांबा," मी म्हटलं. "तुमच्यासारख्या माणसांसाठी कायद्यात एक वाट आहे. नोकरीमुळे ज्यांना दिलेल्या जागेतच राहावं लागतं, वॉर्डन म्हणा, चौकीदार म्हणा, अशांनी पुढं राहायला म्हणून स्वतःचं घर घेतलं, तर ते तिथं राहातच होते असं धरतात. मध्ये भाड्यानं दिलं तरी चालतं. अट एकच. त्या घरात पुढंमागं राहायला जायचं, असा तुमचा खरा इरादा पाहिजे. तो सिद्ध करता आला पाहिजे."

"इरादा," मावशी म्हणाल्या. "म्हणजे मनात काय होतं ते?"

"तसंच."

"ह्यांच्या मनात होतं," त्या हळू म्हणाल्या. "माझ्या नव्हतं गं."

मला आधी वाटलं, माझं काही तरी ऐकण्यात चुकलं. पण त्या सांगत गेल्या, थंडपणानं, कुणाचं तरी वय सांगावं तसं. त्यांना समुद्र आवडत नव्हता. मिरजेच्या कोरड्या हवेत वाढलेली बाई. त्या वाऱ्यानं त्यांचे कान दुखायचे, त्या पांढऱ्या पक्ष्यांच्या किंचाळण्यानं डोकं उठायचं, गुडघे आखडायचे. दरवर्षी व्हिटबीला गेल्यावर कमलाकर धक्क्याच्या टोकाला जाऊन कोटाची कॉलर वर करून तासभर उभे राहायचे, आणि मावशी गाडीत काचा लावून थर्मासमधला चहा पीत बसायच्या. देवगडच्या समुद्राशी त्या करड्या पाण्याचं काय नातं, हे त्यांना कधी समजलं नाही. आणि तिथं बोलायला कोण? ॲशग्रोव्ह कोर्टात चौतीस दारं होती.

"हे तुम्ही काकांना कधी सांगितलंत?"

"कशाला सांगायचं? कारखाना गेल्यावर त्यांच्याकडे तेवढं एकच होतं बघ, पुढचं म्हणून. माझ्या पगारावर घर चालायचं. त्यांनी कधी बोलून दाखवलं नाही, पण ते त्यांना लागायचं. त्यात मी कुठं म्हणू, मला तिथं यायचं नाही?"

"म्हणजे तुम्ही गेला नसता?"

"गेले असते ना! का नाही जाणार? ठरलेलं होतं."

मी पेन खाली ठेवलं. वीस वर्षं टॅक्सचं काम करतेय, पण इच्छा आणि इरादा यांतला फरक माझ्यासमोर कधी असा येऊन बसला नव्हता. कायदा इरादा विचारतो. घर मावशींच्या नावावर, तेव्हा इरादाही त्यांचाच हवा, नवऱ्याचा चालायचा नाही. आणि त्याचा पुरावा द्यायचा तो सरकारला.

"मावशी, एक सांगते. टॅक्सवाल्यांनी विचारलं तर जेवढं विचारतील तेवढंच बोला. आवडत होतं की नाही हे काढू नका."

"त्यांनी विचारलं तर?"

"तर..." मी पेन परत उचललं.

"खोटं बोलणार नाही मी," त्या म्हणाल्या. "सरकारी नोकरी केलीय पंचवीस वर्षं."

मी त्यांना एकवीस हजार बाजूला ठेवायला सांगितले. त्यामुळे बर्मिंगहॅमचा फ्लॅट हातातून गेला. अनुराधा आणि तिचा नवरा पैसे उभे करायला तयार होते, पण मावशी ऐकेनात. त्या अनुराधाच्या घरातल्या सगळ्यात छोट्या खोलीत राहिल्या, जिथं आधी इस्त्रीचं टेबल आणि नातवाची, वीरची, सायकल होती. जवळजवळ दोन वर्षं राहिल्या.

मी कागद गोळा करायला लागले. कौन्सिलचा करार होता. त्याहून चांगली गोष्ट म्हणजे १९८६ साली वकिलानं हार्करना दिलेली नोटीस सापडली. त्या काळी भाडेकरूला उठवणं फार अवघड होतं, म्हणून भाडं सुरू होण्याआधीच मालकिणीनं लेखी कळवायचं, की निवृत्त झाल्यावर मी स्वतः इथं राहायला येणार आहे. खाली मावशींची सही. ती नोटीस बघून मला इतका आनंद झाला की मी केमिस्टकडून चॉकलेट आणून खाल्लं.

मे २००७ मध्ये रिटर्न भरला आणि त्याला सगळा खुलासा जोडला. ऑगस्टमध्ये टॅक्स ऑफिसचं पत्र आलं. त्यात शंका रास्त होती. नोटीस १९८६ ची आहे, घर विकलं २००६ ला, मधल्या काळात इरादा टिकून होता याला आधार काय? भेटून बोलायची त्यांची तयारी होती. मी मावशींना फोन केला.

"मधल्या वर्षांचं काही आहे का? पत्र, डायरी, काहीही?"

"ह्यांचे नकाशे आहेत," त्या म्हणाल्या. "व्हिटबीच्या स्वयंपाकघराचे. काढत बसायचे. आणू का?"

नोव्हेंबरातल्या त्या सकाळी अनुराधा आईला गाडीनं घेऊन आली. मावशींनी नकाशे गुंडाळून, जुन्या साडीचा तुकडा बांधून आणले होते. बघायला वेळच मिळाला नाही, आम्ही तशाच टॅक्स ऑफिसात गेलो. समोर बसलेल्या अधिकारी बाई पन्नाशीच्या, चष्मा गळ्यात अडकवलेला, मिसेस थॉर्नबर नावाच्या. त्यांनी आम्हाला चहा विचारला. बोलणं अर्थातच इंग्रजीत झालं.

सुरुवातीचे प्रश्न सोपे होते. मग त्यांनी विचारलं, "मिसेस देवस्थळी, तुमचा तिथं राहायला जायचा विचार कधी बदलला?"

"मिस्टर गेले त्या दिवशी," मावशी म्हणाल्या. "अकरा नोव्हेंबर. एकटीनं जायचं नाही, हे तेव्हाच ठरलं."

याची मला काळजी नव्हती. घर एकदा राहतं घर धरलं गेलं, की विकण्याआधीची शेवटची तीन वर्षं कायदा आपोआप सोडून देतो, आणि कमलाकर गेल्यापासून विक्रीपर्यंत पावणेतीन वर्षंच झाली होती. काळजी होती ती पुढच्या प्रश्नाची, आणि तो आलाच.

"आणि त्याआधी? तुम्ही तिथं जायची वाट बघत होता का?"

"नाही," मावशी म्हणाल्या.

अनुराधानं आईकडे वळून पाहिलं. मी माझ्या फायलीकडे.

"मला समुद्र आवडत नाही," मावशी म्हणाल्या. "घर माझ्या मिस्टरांना हवं होतं."

मिसेस थॉर्नबरनी काही तरी लिहून घेतलं. मी घाईघाईनं नकाशे पुढे केले. साडीची गाठ सुटेना, ती मावशींनी सोडवली. चार मोठे कागद होते. १९८९, त्र्याण्णव, सत्त्याण्णव आणि दोन हजार एक. कमलाकरांनी कारखान्यात काढत तसेच काढलेले, काळ्या शाईत, प्रत्येकाच्या कोपऱ्यात चौकट करून तारीख, माप आणि सही. व्हिटबीचं स्वयंपाकघर वरून, समोरून, बाजूनं. ओट्याची उंची, कपाटांची दारं, पाण्याचे पाइप.

मिसेस थॉर्नबरनी चष्मा लावला आणि बराच वेळ बघत राहिल्या. "सुंदर काम आहे," त्या म्हणाल्या. "पण हे तुमच्या मिस्टरांचं." मग त्यांचं बोट एका जागी थांबलं. "हे पेन्सिलीतलं काय आहे? अक्षर वेगळं दिसतंय."

शाईच्या रेघांमध्ये, कडेला, जागा मिळेल तिथं पेन्सिलीनं मराठीत बारीक लिहिलेलं होतं. मी वाचून इंग्रजीत सांगू लागले.

"ओटा आणखी दोन इंच खाली. माझा हात पोचत नाही."

"गॅस खिडकीखाली नको. वाऱ्यानं विझेल."

"देव पूर्वेच्या भिंतीला. फ्रिज दुसरीकडे हलवा."

"एवढे कप्पे कशाला? पुसणार कोण?"

त्र्याण्णवच्या कागदावर ओटा दोन इंच खाली आलेला होता आणि गॅस आतल्या भिंतीला गेला होता. त्यावर पुन्हा पेन्सिल. सत्त्याण्णवच्या कागदावर कप्पे कमी झाले होते. "डब्यांना जागा लांब पडते" असं त्यावर लिहिलेलं.

"कुणाचं अक्षर हे?" मिसेस थॉर्नबरनी विचारलं.

"माझं," मावशी म्हणाल्या.

"तुम्हाला तिथं जायचं नव्हतं, तर एवढ्या सूचना का केल्या?"

मावशींना प्रश्नच कळला नाही असं वाटलं. मग त्या म्हणाल्या, "तिथं स्वयंपाक मलाच करायचा होता ना."

मिसेस थॉर्नबर हसल्या नाहीत. त्यांनी लिहिलं, आणि लिहिलेलं आम्हाला वाचून दाखवलं: करदात्या त्या घरात राहण्यास उत्सुक नव्हत्या, परंतु पतीच्या निधनापर्यंत तिथं राहायला जाण्याचा त्यांचा निश्चित इरादा होता. "हे बरोबर आहे का?"

"अगदी बरोबर," मावशी म्हणाल्या.

नकाशांच्या प्रती काढून त्यांनी मूळ कागद परत दिले, स्वतः नीट गुंडाळून.

बाहेर पार्किंगमध्ये आल्यावर अनुराधा गाडीचं दार उघडेना. "आई, तुला तो घर आवडत नव्हता?" तिनं विचारलं. ती रडवेली झाली की तिचं मराठी आणखीच मोडतं. "सगळे वर्ष? मी लहान होती तेव्हापण? आपण दर समरला जायचो."

"आवडत नव्हतं."

"मग बोलली का नाही?"

"बोलून काय झालं असतं? बाबांनी ते विकलं असतं. लगेच विकलं असतं बघ, दुसऱ्या दिवशी." मावशींनी पर्समधून रुमाल काढून लेकीला दिला. "मग त्यांनी दिवसभर काय केलं असतं?"

अनुराधानं डोळे पुसले. "बाबांना माहीत होतं?"

काखेतली गुंडाळी गाडीच्या बॉनेटवर ठेवून मावशींनी सगळ्यात आतला, दोन हजार एकचा कागद अर्धा उलगडला. वारा होता, म्हणून एक बाजू मी धरली.

"हा शेवटचा," त्या म्हणाल्या. "आधीच्या तिन्हींत स्वयंपाकघर मागं आहे, समुद्राकडे. यात बघ, त्यांनी ते पुढच्या खोलीत आणलंय, रस्त्याच्या बाजूला. येणारी-जाणारी माणसं दिसतील असं. मी सांगितलं नव्हतं. मी म्हटलं, का बदललंत? तर म्हणाले, पाइप इकडून सोपे पडतात." त्यांनी कागद परत गुंडाळला. "पाइप काही सोपे पडत नाहीत. एवढं मलाही कळतं."

त्या कागदावर पेन्सिलीची एकही सूचना नव्हती.

डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात पत्र आलं. संपूर्ण काळासाठी सूट मान्य, भरण्याजोगा टॅक्स शून्य. मी बर्मिंगहॅमला फोन लावला तो वीरनं घेतला आणि "आजीऽ, टॅक्स लेडी!" असं ओरडून टाकून दिला. मावशींना मी पत्रातलं वाक्य न् वाक्य वाचून दाखवलं. त्यांनी दोनदा वाचायला लावलं. मग म्हणाल्या, "त्या बाईंना थँक यू कार्ड पाठवलं तर चालेल का? की तसं करत नाहीत?"

"करत नाहीत," मी म्हटलं.

"बरं, राहू दे मग."

पुढच्या उन्हाळ्यात त्यांनी फ्लॅट घेतला. थांबावं लागल्याचा एक फायदा झाला. तोवर घरांचे भाव उतरायला लागले होते, आणि ज्या पैशात आधी एका बेडरूमचा मिळत होता त्यात त्यांना दोनचा मिळाला, पहिल्या मजल्यावर, बस स्टॉपसमोर. दुसरी बेडरूम कशाला, असं अनुराधा म्हणाली, तर वीर लगेच स्वतःची उशी घेऊन आला.

सप्टेंबरात मी त्यांच्याकडे जेवायला गेले. त्यांनी सगळं घर फिरवून दाखवलं, कपाटांची दारं उघडून, नळ सोडून. स्वयंपाकघर साधंच होतं, आधीच्या मालकानं बसवलेलं. ओटा त्यांना उंच पडत होता आणि त्या एका लाकडी पाटावर उभ्या राहून पोळ्या लाटत होत्या.

"हे खाली करून घ्या ना मावशी," मी म्हटलं. "आता घर तुमचंच आहे."

"करीन गं. घाई काय आहे?" त्या म्हणाल्या. "आधी तुला एक दाखवते."

हॉलच्या भिंतीवर त्यांनी कालनिर्णय लावलेलं होतं. शेजारी भिंतीला दोन भोकं पडली होती आणि प्लास्टर सुटलं होतं. खिळा तिसऱ्यांदा बसला होता.

"ॲशग्रोव्हला खिळा ठोकायचा तर आधी ऑफिसला लिहून कळवावं लागायचं," त्या म्हणाल्या. "पंचवीस वर्षांत मी एकही ठोकला नाही. त्यामुळे कसा ठोकतात तेच माहीत नव्हतं. दोनदा वाकडा गेला."

मग त्या पाटावर चढल्या आणि राहिलेल्या पोळ्या लाटू लागल्या. स्वयंपाकघराच्या खिडकीखाली बस थांबली, माणसं उतरली, आणि त्यांतल्या एका बाईनं वर बघून हात केला. मावशींनी लाटणं धरलेल्या हातानंच तिला परत हात केला.